शंभरात चार आणे

जालन्यात मे महिन्यात अकरा वाजेपर्यंतच
आमचं यंत्र आपलं नाव सांगायचं.
सरकीचे दाणे मोजणारं, वीतभर बोर्डाचं,
यूएसबीच्या दोन तारांवर कॉम्प्युटरशी बोलणारं.
दुपारी प्लग लावला की पडद्यावर तेच:
डिव्हाइस ओळखता आलं नाही.

आधी केबलला शिव्या दिल्या.
नुसती चार्जिंगची निघते एखादी,
आत बोलायच्या तारा नसतातच.
सात केबली बदलल्या.
मग ड्रायव्हर. मग कॉम्प्युटर. मग वीज,
शेजारच्या सळईवाल्याची भट्टी पेटली की मान टाकणारी.
मग रिजवानाचा हात.
"तुझं सोल्डरिंग कच्चं आहे," म्हणालो
आणि एकतीस बोर्डांचे सॉकेट
तिला काढून पुन्हा लावायला लावले.
ती काही बोलली नाही. पंखा बंद केला फक्त,
वाऱ्याने टोक थंड होतं म्हणून.

स्कोपवर बघितलं:
कॉम्प्युटर विचारतो, तू कोण?
चिप उत्तर देते. देते तर खरं,
पण शब्द ताणलेले, तापात बरळल्यासारखे.
समोरचा तीनदा विचारतो,
मग नाद सोडतो.

"सकाळच्याला बोलतंय, दुपारच्याला मुकं,"
चौत्राबाई म्हणाल्या,
उगवण चाचणीसाठी चारशे-चारशेचे ढीग
हातानेच घालत.
"उन्हाचं आसंल. काऊन ध्यानात येईना तुमच्या?"

रसवंतीवरून बर्फ आणला,
पिशवीत गुंडाळून चिपवर धरला.
मिनिटभरात कॉम्प्युटर टुंग वाजला.
दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, गार वेळी,
गरम हवेची बंदूक धरली.
गप्प.

यूएसबीत शंभर रुपयांत चार आणे,
एवढीच काळाची चूक खपते.
चिपच्या पोटातलं फुकटचं घड्याळ
पत्र्याखालच्या दुपारी
रुपया-दीड रुपया घसरत होतं.

बाहेरून जोडायचा क्रिस्टल असतो,
चिंचोक्याहून लहान,
उन्हातान्हात ठोका न चुकवणारा.
बोर्डावर त्याच्या जागी दोन चकचकीत ठिपके, रिकामे.
मीच रिकामे ठेवले होते,
दिवाळीच्या सुमारास, स्वेटर घालून,
आकडेमोड करून:
बोर्डामागे नऊ रुपये वाचतात.

हे रिजवानाला सांगायला
मला दोन कप चहा लागला.
तरी आधी म्हणालो, "डिझाइनमध्ये."
मग म्हणालो, "माझ्या डिझाइनमध्ये."
तिने मान वर केली नाही.
"क्रिस्टल किती मागवायचे?"
"एकतीस."
"चाळीस सांगा. चिमट्यातून उडतात."

पहिला बोर्ड लावला दुपारी सव्वादोनला.
पंचेचाळीस अंश. पाणी प्यायला पण हात जड.
यंत्राने नाव सांगितलं.
चौत्राबाईंनी उठून आपला एक ढीग
त्याच्या तोंडात ओतला.
पडद्यावर आलं: तीनशे नव्व्याण्णव.

त्यांनी जमिनीवर बघितलं, पदर झटकला,
कुठे काही सांडलेलं नव्हतं.
"पुन्यांदा मोजाया लाव त्याला," म्हणाल्या.