छापणाऱ्याचं गाव

चोपड्याच्या शाळेतून बांधणीला आलेलं पुस्तक.
शिवण उसवलेली, समास वाळवीने खाल्लेला,
पान एकशे बारावरचा राजा मात्र शाबूत.
स्वतःला सूर्य म्हणवायचा, असं खाली छापलंय.
चित्रकाराने त्याला सूर्यच काढलाय,
फक्त आजारी:
किरणांच्या मधोमध सुजलेला गाल, कपाळाला पट्टी,
गिळलेली शहरं एकेक करून ओकतोय
आणि एक वैद्य परात धरून उभा.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलेलं.
बाहेर मे महिना, सेहेचाळीस.
इथे कुणी स्वतःला सूर्य म्हणवलं
तर लोक आधी सावलीत सरकतील,
शिव्या मग.

कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं. भिंग लावलं.
मुद्रकाचं नाव खोटं, गावही खोटं, असं टिपेत लिहिलंय.
बाकीचा अंदाज माझा:
हद्दीपलीकडे तांब्यावर कोरायचं,
खाऱ्या मासळीच्या पिंपांतून इकडे आणायचं,
आणि राजाला मासळीचा वास.

माझ्या बापाला हे कुणी शिकवलं नव्हतं.
उखा मिस्तरी. लग्नपत्रिकांचे गणपती कोरायचा
सागाच्या फळीवर, उलटे,
म्हणजे कागदावर सोंड सुलटी यावी.
पालिकेच्या निवडणुकीत एका रात्री
त्याने अध्यक्ष कोरले:
केळीचा लोंबता घड, वर फेटा,
नाकाच्या जागी केळफूल.
ओळ एवढीच, घड एकदाच येतो, मग विळा येतो.
आणि तळाला
मुद्रक: वारा. मुक्काम: तापीचा डोह.

सकाळी आठवडे बाजारात भिंतीभिंतीवर घड.
दुपारी अध्यक्ष स्वतः दुकानात.
बाप फळी ढुंगणाखाली घेऊन बसलेला.
ते टेकले, घाम पुसला, चहा बशीत ओतून प्याले.
"उखा, मन्हं नाक इतलं मोठं शे का रे?"
आणि हसले. खरंच हसले.
पन्नास प्रती मागितल्या, पैसे रोख मोजले.
एक त्यांच्या बैठकीत काचेमागे लागली,
येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे.

बापाने त्यानंतर माणूस कोरला नाही.
मार बसला असता, तर कदाचित कोरला असता.

मी पुस्तक शिवतो. एकशे बाराला सरस जपून.
कटिंग मशीनचा एक पाय आखूड,
त्याखाली घडाची फळी, पालथी.
पातं धाडकन खाली येतं तेव्हा
अध्यक्षांचं नाक
फरशीवर थोडं आणखी झिजतं.