थाप

पहाटे चारला, उणे चौदा अंशात,
याखेनच्या गोठ्यामागे गाडीच्या दिव्यांपुढून
आम्ही एकेक करून चालत गेलो,
छातीवरचं यंत्र बोलतंय का ते त्याला ऐकवायला.
फ्लुरिनचं बोललं. लादिनाचं. माझं.
शेवटी आली मेंगिया, तिचंही बोललं.
याखेनचं कुणी तपासलं, ते आता आठवत नाही.

नोव्हेंबरात इथेच, गवताच्या गंजीत
डब्यात घालून एक यंत्र पुरलं होतं सरावाला.
आम्हाला सात मिनिटं लागली,
याखेनच्या कुत्रीला दोन,
कारण डब्याला चीजचा वास होता.
नाताळपर्यंत हसत होतो त्यावर.
बर्फाखाली माणूस किती मिनिटं तग धरतो
तो आकडा सगळ्यांना पाठ,
पण हसताना कुणी काढला नाही.

स्कीच्या पोटाला केसाळ पट्ट्या चिकटवून
लार्चच्या रानातून चढत राहिलो.
पाय उचलायचा नाही, नुसता पुढे ढकलायचा,
सर्र. श्वास. सर्र. श्वास.
झाडं संपली तिथे बोलणंही संपलं.

वर उजाडलं ते पितळेसारखं,
घासायचं राहून गेलेल्या.
आणि समोर तो उतार.
वाऱ्याने रात्रभर इस्त्री केलेला, एक चुणी नाही.
तीन वर्षं फ्लुरिनने त्याचा फोटो
फ्रीजच्या दारावर लावलाय,
दूध काढताना बघतो, ठेवताना बघतो.

लादिनाने कमरेइतका खड्डा खणला,
बर्फाचा एक खांब सुटा केला,
त्यावर फावडं पालथं ठेवून थापा मोजू लागली.
मनगटातून दहा. काही नाही.
मग कोपरातून. एक. दोन.
तिसरीला वरचा थर
खणासारखा सरकत तिच्या मांडीवर आला.
खाली जाडी साखर,
मुठीत दाबली तरी गोळा होईना.

"तेरा," ती म्हणाली.
"तेरा म्हणजे मधलंच," फ्लुरिन म्हणाला.
याखेन म्हणाला, डावीकडची सोंड धरून,
अंतर ठेवून, एकेक जण.
माझ्या मनात हो होतं. आज कबूल करते.
गुडघे तर केव्हाचेच वळणं घेत होते.

मेंगिया हातमोजा दातांत धरून
बुटाचा पट्टा आवळत होती.
मोजा तसाच दातांत,
म्हणाली, मला नाही जायचं.
नीट ऐकू आलं नाही, म्हणून याखेनने विचारलं.
मोजा काढून पुन्हा तेवढंच म्हणाली.

एकाचं नाही म्हणजे सगळ्यांचं नाही,
असा नियम आम्ही जुलैत केला होता,
नदीकाठी, अनवाणी, बिअर पीत.

आल्या वाटेनेच उतरलो, रानातून,
कवच धरलेल्या टणक, रडक्या बर्फावरून.
फ्लुरिन एका मुळाला अडखळून पडला,
कुणी हसलं नाही.
अक्रोडाच्या केकचे पाच तुकडे केले,
त्याने आपला खिशात ठेवला.
गावात विचारलं तर सांगितलं,
याखेनचं बाइंडिंग तुटलं.
थाप होती. पाचही जणांनी एकसारखी मारली.

रविवारी खालच्या गावची तीन पोरं
त्याच उतारावरून गेली.
पुलावरून दिसत होत्या रेघा,
वेणीच्या पेडांसारख्या एकमेकींत.
उतार हलला नाही.
सोमवारी नाही, त्या आठवड्यात नाही.
एप्रिलात नुसता वितळला,
इन नदी आठ दिवस गढूळ वाहिली,
गाई बाहेर आल्या.

मे महिन्यात मी मेंगियाला विचारलं,
तुला तेव्हा काय दिसलं होतं?
बर्फात काही नाही, ती म्हणाली.
फ्लुरिन उताराकडे बघत होता फ्रीजकडे बघितल्यासारखा,
आणि आपण सगळे फ्लुरिनकडे.
मग बादली उचलून आत गेली.

फोटो अजून आहे तिथेच,
चिकटपट्टी सुटून एक कोपरा वर आलाय.
फ्लुरिनकडे गेले की मी तो दाबून बघते,
हलकेच, मनगटातून.
एक. दोन.