लोदोसची रात्र, बुर्सा

लोदोस सुटला की आमच्याकडचा फोन वाजतो.
दक्षिणेचा उबदार, घुम्या वारा.
धुराड्याबाहेर पडलेला धूर तो मानेला धरून परत घरात ढकलतो,
आणि कोळशाच्या शेगडीशी निजलेलं माणूस
न खोकता, न जागता
खोल उतरत जातं.

आज मुरुव्वेत हानम. एकसष्ट. शिवणकाम.
बोटावर अजून अंगुस्तान होतं; ते काढायला साबण लागला.

मी फेरिदून, दाबकक्षाचं दार लावणारा.
आत काय जाईल ते मी ठरवतो.
लायटर नाही, फोन नाही, नायलॉन नाही.
केसांचं तेल नाही, ओठांची लाली पुसून या.
नर्स सेव्हगुलचं मनगटी घड्याळसुद्धा
मीच उतरवून घेतलं.
लेकीने लोकरीचे मोजे आणले होते.
लोकर ठिणगी पाडते, बाई.
"पाय गार पडतात हो तिचे."
मोजे माझ्या खिशात गेले.

घशातल्या नळीभोवतीच्या फुग्यातली हवा काढून
आम्ही पाणी भरलं.
हवा दाबाखाली अंग चोरते,
पाणी दिल्या शब्दाला जागतं.
मॉनिटर बाहेर माझ्यापाशी,
त्याच्या तारा पोलादातून आत.
मग झडप उघडली,
आणि उलुदागच्या पायथ्याची ही खोली
जागची न हलता
समुद्राखाली चौदा मीटर गेली.

डोळ्यांत तेल घालून बसावं म्हणतात.
तेलाला आत मज्जाव,
म्हणून ते काम बाहेरच्याचं.

दाट हवेत व्हेंटिलेटर धापा टाकतो,
माणसाचा आवाज बदकासारखा होतो.
एरवी आम्ही हसतो.
"पंप थांबला," बदक म्हणालं.

रक्तदाब धरून ठेवणारं औषध त्याच पंपातून.
दार उघडायचं तर आधी वर यायला हवं,
वर यायला वेळ हवा,
आणि वेळ तर माझ्या टेबलावर, चामडी पट्ट्यासकट.

तिने सलाइनचं चाक अंगठ्याने सैल केलं.
"फेरिदून आबी, सेकंद बोला."
मी माइकपाशी तोंड नेलं.
एक. दोन. तीन.
ती थेंब बोलत होती, मी सेकंद,
लग्नात दोन्हीकडच्या आत्या
आहेराची पाकिटं मोजतात तसे,
एकमेकांवर जरासा संशय ठेवून.
बावीस मिनिटं. माझा घसा बसला.
हिरवी रेघ पडायची, उठायची,
मग उठलेलीच राहिली.

वर येताना हवा गार होते, आत धुकं धरतं.
खिडकी पांढरी झाली.
लेक मागे येऊन उभी. "दिसते का?"
"धुकं आहे. पडतंच."

आतून एका तळव्याने काच पुसली.
सेव्हगुलचं कपाळ, नळ्या,
चादरीबाहेर एक पाऊल.
त्याचा अंगठा हलला असं मला वाटलं.
वाटलेलं मी कुणाला सांगत नाही.

मोजे तेवढे लेकीच्या हातात दिले.
गरम झाले होते.