ग्रासियास म्हणेपर्यंत

ताडपत्रीखाली आम्ही नऊ जण आणि एकच माते.
भोपळ्याचं पोकळ भांडं, त्यात कडू पाला, धातूची नळी.
एकाने संपवायचं, रिकामं माझ्याकडे द्यायचं,
मी पुन्हा भरून पुढच्याला.
आयसेनमध्ये बोलायला बसायची हीच रीत:
ज्याच्या हातात भांडं, त्याला घाई करायची नाही.

बाहेर वारा लेंगाची झाडं पिंजतोय.
दोरीवर यानाराची स्लीपिंग बॅग,
अजून ठिबकते.

आजचा म्होरक्या एलिसेओ. वय एकोणीस.
बाप दक्षिणेला मेंढरं राखतो.
घोड्यावरून याने शंभरदा नदी ओलांडली असेल,
आपल्या पायांनी आज पहिल्यांदा.

माझ्या ओल्या वहीत पेन्सिलीने:
११.२० नदीपाशी.
११.२६ जागा ठरली.
मधली सहा मिनिटं तो पलीकडचा काठ बघत होता.
खाली वळणावर आडवा पडलेला ओंडका,
तिकडे एकदाही नाही.

आम्हाला शिकवलंय: आधी गोड, मग कडू, शेवटी परत गोड.
म्हणून म्हटलं, तुझा आवाज सगळ्यांपर्यंत पोचत होता.
कमरेचे पट्टे सोडा, हे तू न विसरता सांगितलंस.
तो पीत नाही. थांबलाय.
शाळेत आजवर त्याच्या प्रत्येक शाबासकीमागून
एक ‘पण’ आलेला,
मेंढरांमागून कुत्रा यावा तसा.

मी ‘पण’ गिळला.
“एलिसेओ, ओंडका कुठे होता?”
नळीत घुरघुर. भांडं रिकामं.
“वळणावर. यानारा पडली तेव्हा दिसला.”
“किती लांब?”
“चाळीस पावलं.”
“तीस,” उसन्या स्वेटरमधून यानारा म्हणाली.
“मी मोजली नाहीत. पण तीस.”
कुणीतरी हसलं. तो नाही.

तुला मी पाण्यात बघत नाहीये, म्हटलं.
पाणी कसं बघायचं, एवढंच.
उद्या काय करशील?
“आधी खाली चालत जाईन. वळणापर्यंत.
मग वर येऊन पलीकडचं बघीन.”
त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं.
माझे शब्द जास्त नीटस होते,
ते राहू दिले.

मग त्याने विचारलं,
“प्रोफे, तुम्हाला ओंडका दिसला होता?”
हो. अकरा एकवीसला.
“मग?”

मग मी दोर घेऊन खाली गेले होते,
गुडघाभर पाण्यात, तिच्या आणि ओंडक्याच्या मधे.
एवढं सगळं सांगता आलं असतं, खरंही होतं.
“यानाराला हे माहीत नव्हतं,” तो म्हणाला.

भांडं माझ्या हातात.
कुणी घाई केली नाही.
पाला निवत गेला.

वहीत माझ्या नावापुढे लिहिलं:
११.२१. सांगितलं नाही.
यानाराकडे बघितलं. ती दोरीवरची बॅग चाचपत होती.

इथे भांडं परत देताना ग्रासियास म्हटलं
की त्याचा अर्थ, पुरे, आता मला नको.
एकेक जण ग्रासियास म्हणून तंबूत सरपटला.
एलिसेओ प्यायला, तळापर्यंत,
आणि काहीच न बोलता भांडं पुढे केलं.

किटली संपली होती.
“मी आणतो,” म्हणून तो कपाळावर दिवा बांधून गेला.
ताडपत्रीच्या कडेखालून मला दिसत होतं:
उजेड सरळ काठावर उतरला नाही.
आधी खाली गेला, वळणाकडे.
तिथे बराच वेळ राहिला.