बहात्तर तास

बायण्यातल्या खोलीत, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर
आग्नेल आणि मी हिशेब मांडतोय:
सकाळी नऊला चिखलीत नाकात काडी,
अहवाल दुसऱ्या संध्याकाळी, मिळाला तर,
मग दाबोळी, दिल्ली, ॲमस्टरडॅम, बोनेर.
काडीपासून बहात्तर तासांत
तिथल्या खिडकीपाशी उभं राहायचं.

"पण तास कुणाचे?" आग्नेल विचारतो.
"ते आपल्या साडेनऊ तास मागे."

पेन्सिल थांबते.

तारीख आम्ही चारदा खोडली.
कागद तिथे एवढा विरलाय
की पलीकडचा मार्च दिसतो.

वर येताना पाच मीटरवर
तीन मिनिटं लटकून राहतो आम्ही,
बोटीचा तळ डोक्यावर दिसत असताना,
रक्तातला वायू सुटेस्तोवर.
तिथे कधी कुणी घड्याळावर चिडलं नाही.

आग्नेल खोक्यातून डायव्हिंगचा मास्क काढतो,
पट्टा न लावता तोंडावर धरतो,
नाकाने श्वास ओढतो, हात सोडतो.
मास्क गळून मांडीवर पडतो.

टाळेबंदीत वाढवलेली मिशी,
तिच्यातून हवा शिरते.

मी यादीत खाली लिहितो: विमा,
दोन प्रती, पासपोर्टावरचंच नाव,
आग्नेलची मिशी.