ट्यूबमध्ये हवा

रुवीच्या मागच्या गल्लीत, शिंपी आणि
फोनकार्डवाला मल्याळी यांच्या मधोमध माझं दुकान.
पाटीवर अजून ‘कलर टीव्ही दुरुस्ती’,
त्यातला ‘कलर’ उन्हानं खाल्लेला.

मागचं झाकण उघडलं की आधी एक हात खिशात,
हे शिकवलं दापोलीच्या निजाम तुंगेकरांनी.
“दोन्ही घातलेस तर करंट काळजातून जातो,
एकच घातलास तर कोपरापर्यंत शिव्या देतो.”
तीस वर्षं मी खिशात हात घालून कमावलं.

जूनच्या चिकट रात्री, हवा ओल्या फडक्यासारखी,
तेव्हा समुद्रावरून भलतंच काही यायचं अँटेनावर:
मस्कतच्या बातम्यांच्या आड
मुंबईची एक बाई, तिची सावली, सावलीची सावली.
ओठ हलायचे, आवाज नाही.
आम्ही आठ जण एका खोलीत.
“साडी हिरवी आहे.”
“नाही रे, सेटच हिरवा मारतोय.”
गच्चीवर तुंगेकर अँटेना धरून उभे,
हललं की बाई जाईल म्हणून.
बाई त्यांनी कधी पाहिलीच नाही.
धंद्याच्या भाषेत त्याला भूत म्हणतात, दोष तो.
गिऱ्हाइकाचं घालवायचो. आपलं जपायचो.

आता भिंतीवर पातळ पत्रे.
बिघडला तर बोर्ड बदला, बोर्ड नसला तर सेट.
पुढच्या टेबलावर शफीउल मोबाईलच्या काचा बसवतो,
भाडं त्यातूनच निघतं, खोटं कशाला बोलू.
चिपळूणला मुलानंही पंचावन्न इंची घेतलाय.
कॉलवर दाखवत होता, त्यात मीच दिसलो,
स्वच्छ, म्हातारा.

गुरुवारी मत्र्याहून उम्म रय्या आल्या,
मागे नातू, छातीशी एकवीस इंची धूड.
नवऱ्यानं घेतलेला. चेहरे जांभळे पडतात म्हणाल्या.
मी चुंबकाची रिंग फिरवली काचेवरून,
दृष्ट काढावी तशी, गोल गोल, मागे सरत.
उतरली नाही. ट्यूबच थकलेली.
“खलास?” त्यांनी विचारलं.
“खलास,” मी म्हटलं.
शब्द दोघांचाही, त्यामुळे समजवावं लागलं नाही.
वरचं विणलेलं झाकण तेवढं घडी करून घेऊन गेल्या.

तांबं भंगारवाला नेतो, काच कुणी नेत नाही.
टाकण्याआधी ट्यूबच्या मानेवरची टोपी काढून
आतलं काचेचं टोक पकडीनं मोडायचं, बेतानं,
नाहीतर फुटते अंगावर.
मी मोडलं. एक हात खिशात,
गरज नसताना.

स्स.

कारखान्यात कुणीतरी आतलं सगळं शोषून घेतलं होतं,
त्यानंतरचा हा पहिला श्वास:
रुवीचा, समोशाच्या तेलाचा, उदाचा,
एसीच्या गळक्या पाण्याचा.
बराच वेळ घेत राहिली.

शफीउलनं मान वर केली. “गॅस लीक?”
“नाही,” म्हटलं, “आत जातेय.”