कार्बनची प्रत

मे महिन्यात आपली चलती असते.
पारा सेहेचाळीसला टेकला
की कॉम्प्रेसरही माणसासारखे धापा टाकतात,
आणि बजाजनगरपासून तांडापेठेपर्यंत
सगळ्यांना एकाच दुपारी निनावे मिस्त्री आठवतो.

फ्रिज उघडणं म्हणजे घराची झडतीच.
लोक देवघर दाखवतात, हॉल दाखवतात.
मला दिसतं ते पोट.

काल खापेकर मॅडमकडे
न्यूझीलंडची किवी होती, प्रत्येकीवर लेबल,
जसा काही पासपोर्टच.
गोठलेले वाटाणे, पनीर, चीजच्या कडेला हिरवी लव,
आणि परवाच्या बिर्याणीचा गंज,
अर्ध्याच्या वर भरलेला.
"लवकर करा हो मिस्त्री, सगळं खराब होईल."
मी म्हटलं, करतो.
अर्धं झालेलंच आहे, हे म्हटलं नाही.

त्याच सकाळी कळमन्यात
भेदराचा एक टेम्पो कुणी उतरवलाच नव्हता.
उभ्या उभ्या शिजत होता,
ना फोडणी, ना गिऱ्हाईक.

नळी कापली की जुना गॅस निघून जातो.
फुस्स.
तीस वर्षं तो आवाज मला
काम सुरू झाल्याचा वाटायचा.
मग प्रतापनगरात रहाटे सरांची मुलगी म्हणाली,
काका, हा वजनाला वजन
धुरापेक्षा हजारपट तापवतो.
मी वर पाहिलं. आकाशात काही नव्हतं,
कोराडीच्या बाजूला थोडं मळकट, रोजचंच.

तेव्हापासून एक खोड लागली.
बिलबुकात मी अजून कार्बन ठेवतो.
वरचं पान गिऱ्हाईक नेतं,
खालचं निळसर, पुसट, माझ्याकडे उरतं.
त्याच्या पाठीवर लिहितो
आत काय होतं, कुठून आलं,
बाहेर कचऱ्यात काय गेलं.
नाव लिहीत नाही. मोहल्ला लिहितो.

माझंही लिहिलंय.
आम्ही कोष्टी, रविवारी मटण.
काळा मसाला, वर चार बोटं तर्री.
ते सोडा म्हणाल
तर आधी माझं आडनाव घेऊन जा.
हल्ली महिन्यातून दोनदाच होतं,
पण ते भावामुळे, हवेची काळजी म्हणून नाही.
हेही लिहिलं. आपल्याच वहीत खोटं कशाला?

दुपारी घरी आलो तर पंचफुला गच्चीवर,
जुन्या लुगड्यावर मुंगवड्या घालत होती.
बाजूला वांग्याच्या फोडी, बरबटीच्या शेंगा,
कैरीच्या चिरा, वाळून चामट झालेल्या.
"काऊन वं, एवढ्या उन्हात?"
"ऊन फुकटचं हाय. वाया जाऊ देऊ का?"
त्याच उन्हानं शहरभरच्या मशिनी बंद पाडल्या होत्या.
इथे ते निमूट काम करत होतं,
बिलाशिवाय, फुस्स न करता.
एक वडी उचलली तर बोट पोळलं.

थोडा वेळ वाटलं, सांगावं सगळ्यांना,
किवी ठेवा, वड्या घाला, जवसाची चटणी खा.
तेवढ्यात रहाटे सरांचा फोन.
पुन्हा थंड होत नाही,
आत इन्सुलिन आहे.
सायकलीला पिशवी अडकवली आणि निघालो.
तीन लिटर पाणी, एक कांदा खिशात.
या वेळी गॅस हवेत सोडला नाही,
जुन्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला.
पाऊण तास जास्त लागला.
त्याचे पैसे कुणाला लावायचे, कळेना.
बिलावर तेवढी जागा कोरीच ठेवली.

रात्री लाइट गेली.
मेणबत्तीत मुंगवड्यांचा रस्सा, ज्वारीची भाकर.
"हात धुतले का? बोटं निळी आहेत."
धुतले.
निळं थोडं राहिलंच,
पहिल्या घासालाही लागलं असेल.
तिनं विचारलं, मीठ बरोबर आहे?
मी म्हटलं, आज वाढ अजून एक डाव,
उद्यासाठी काही ठेवू नको.